मोठ्या वितरित प्रणालींचं मॉडेल आणि स्पेसिफिकेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेल आणि स्पेसिफिकेशन यांत फरक काय?

वितरित प्रणाली म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या अनेक मशीनवर मिळून चालणारी प्रणाली. मॉडेल म्हणजे तिचं मुद्दाम लहान केलेलं रूप. कशाचा विचार करायचा आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवून ते तयार केलेलं असतं. स्पेसिफिकेशन म्हणजे प्रणालीला घातलेली अट: हे झालंच पाहिजे, ते कधीही होता कामा नये. एकाच कागदात दोन्ही असू शकतं. पण असा कागद हातात आला की एक प्रश्न जरूर विचारा: या कागदानुसार प्रणालीचं कोणतं वागणं चूक ठरेल? कोणतंच वागणं चूक ठरत नसेल, तर हातात आहे ते फक्त वर्णन. नव्या माणसाला ओळख करून द्यायला वर्णन चांगलंच असतं. पण दोन टीममध्ये 'चूक तुमच्या बाजूची' असा वाद पेटला, तर वर्णनाच्या आधारे निकाल लागत नाही.

आमच्याकडे आर्किटेक्चरचा डायग्राम आहे. तेवढा पुरत नाही का?

त्यातला एक बाण निवडा. समजा 'पेमेंट सर्व्हिस'कडून 'लेजर'कडे, म्हणजे खात्यांच्या नोंदवहीकडे जाणारा. उत्तराची वाट बघायची आहे का? किती सेकंद? तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर पाठवणाऱ्याने काय समजायचं? तीच विनंती पुन्हा पाठवली, तर लेजर पैसे दुसऱ्यांदा कापणार का? दोन विनंत्या एकामागून एक गेल्या, तर त्याच क्रमाने पोहोचतील याची हमी कोणी दिली आहे?

बहुतेक डायग्राम यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. प्रॉडक्शनमधून, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीवरून मध्यरात्री जे फोन येतात, ते मात्र नेमके याच प्रश्नांवरून येतात. डायग्राम ठेवा, पण प्रत्येक महत्त्वाच्या बाणामागे एक परिच्छेद हवा. तो परिच्छेद म्हणजेच खरं काम.

प्रणाली 'वितरित' असली की नेमका काय फरक पडतो?

एकाच मशीनवर फंक्शन कॉल केला, तर तो यशस्वी होतो किंवा फसतो. मशीनच बंद पडलं तर विचारणाराही त्याच्याबरोबर बंद पडतो. नेटवर्कवरून विनंती पाठवली की तिसरी शक्यता उभी राहते: उत्तरच येत नाही. समोरच्याने काम केलं असेल, केलं नसेल, अजून करत असेल किंवा विनंती वाटेत रखडली असून पाच मिनिटांनी पोहोचणार असेल. विचारणाऱ्याला या चारही गोष्टी बाहेरून अगदी सारख्याच दिसतात.

हा सिद्ध झालेला अडथळा आहे. फिशर, लिंच आणि पॅटर्सन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, की संदेशाला किती उशीर होईल यावर मर्यादा नसेल आणि एक जरी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) बंद पडण्याची शक्यता असेल, तर सगळ्या प्रोसेसेस कधीतरी एकमताला येतीलच अशी हमी कोणताही निश्चित (नशिबावर काही न सोडणारा) अल्गोरिदम देऊ शकत नाही. त्याआधी १९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी दाखवलं होतं, की अशा प्रणालीत 'हे आधी घडलं, ते नंतर' असं म्हणायला संदेशांची साखळी लागते, भिंतीवरच्या घड्याळांवर विसंबून चालत नाही. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. टाइमआउट झाला, म्हणजे उत्तराची ठरलेली मुदत संपली, म्हणून काम झालं नाही, हा फक्त एक अंदाज. म्हणून 'यशस्वी' आणि 'अयशस्वी' यांच्या जोडीला 'माहीत नाही' ही अवस्था कागदावर नाव देऊन मांडावी लागते, आणि तिच्यातून बाहेर पडण्याचे रस्तेही.

त्यात प्रणाली अनेक संस्थांची असेल, तर आणखी एक गोष्ट येते. सगळ्यांवर हुकूम चालवणारं कोणी नसतं. दुसऱ्या संस्थेचा डेटाबेस उघडून बघता येत नाही. तिथे स्पेसिफिकेशन हाच दोघांमधला करार.

आरएम-ओडीपी म्हणजे काय? एवढं जुनं मानक आज वाचावं का?

खुल्या वितरित प्रणाली कशा मांडायच्या याचं संदर्भ मॉडेल (रेफरन्स मॉडेल ऑफ ओपन डिस्ट्रिब्यूटेड प्रोसेसिंग). आयएसओ आणि आयटीयू-टी या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी १९९० च्या दशकात मिळून तयार केलेली ही मानकमालिका आहे: आयएसओ/आयईसी १०७४६, भाग १ ते ४. आयटीयूकडे तीच एक्स.९०१ ते एक्स.९०४ या क्रमांकांनी आहे. भाषा रूक्ष, उदाहरणं कमी. कोर्बा या दूरच्या ऑब्जेक्टना जोडणाऱ्या जुन्या तंत्राच्या काळात जन्मल्यामुळे काही भाग आज जुनाटही वाटतो.

तरीही वाचावं, आणि मी हे आग्रहाने सांगतो. त्यातली मुख्य कल्पना अजूनही ताजी आहे. मोठ्या प्रणालीचं एकच संपूर्ण चित्र काढायला जाऊ नका, पाच वेगवेगळ्या दृष्टिकोनांतून पाच स्पेसिफिकेशन्स लिहा आणि ती एकमेकांना कुठे जोडली जातात तेही लिहा. व्यवसाय दृष्टिकोनात कोण कोणाला काय देणं लागतो ते येतं, माहिती दृष्टिकोनात माहितीचा अर्थ आणि तिचे न मोडणारे नियम, आणि संगणन दृष्टिकोनात घटक, त्यांचे इंटरफेस आणि संवाद. हे सगळं प्रत्यक्ष मशीन आणि नेटवर्कवर कसं वाटलं जातं ते अभियांत्रिकी दृष्टिकोनात, आणि कोणती उत्पादनं वापरायची ते तंत्रज्ञान दृष्टिकोनात.

असे प्रयत्न इतरही झाले. झॅकमन यांची चौकट १९८७ ची, क्रुख्टेन यांचं 'फोर प्लस वन' १९९५ चं. पुढे आयएसओ/आयईसी/आयईईई ४२०१० या मानकाने 'प्रणालीशी संबंध असलेल्या लोकांच्या चिंता बघा आणि त्यानुसार दृष्टिकोन तुम्हीच ठरवा' अशी मोकळीक दिली. पण एकाहून जास्त संस्थांची प्रणाली असेल तर ओडीपीचा व्यवसाय दृष्टिकोन मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. त्यात बंधन, परवानगी आणि मनाई या गोष्टींना पहिल्या दर्जाचं स्थान आहे.

हे पाच दृष्टिकोन एखाद्या खऱ्या प्रणालीवर लावून दाखवाल का?

यूपीआय घेऊ. मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयने (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) २०१६ मध्ये ती सुरू केली, आणि वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ती वापरली आहे. एका व्यवहारात पैसे देणाऱ्याचं ॲप, घेणाऱ्याचं ॲप, देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि त्यांच्यात संदेश पोहोचवणारा मधला स्विच इतके जण असतात. मालक वेगळे, डेटाबेस वेगळे. खाली घेतलेलं रूप ढोबळ आहे, पण मुद्दा समजायला पुरेसं आहे.

व्यवसाय दृष्टिकोनापासून सुरुवात करू. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं फसलेल्या व्यवहारांबद्दलचं परिपत्रक आहे. त्यात यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पाठवलेल्या पैशांबद्दल असं म्हटलं आहे: देणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेले पण घेणाऱ्याच्या खात्यात जमा करता आले नाहीत, तर घेणाऱ्याच्या बँकेने व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपणहून परत पाठवायचे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता.

हे वाक्य स्पेसिफिकेशन म्हणून वाचा. भूमिका आहे, बंधन आहे, मुदत आहे आणि मोडल्यास काय तेही आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या बँकेवर टाकली आहे. ग्राहक तक्रार करतो देणाऱ्याच्या बँकेकडे, त्यामुळे जबाबदारीही तिचीच असायला हवी असं पहिल्यांदा वाटतं. पण पैसे खरंच जमा झाले की नाही हे खात्रीने फक्त घेणाऱ्याच्या बँकेला कळू शकतं, कारण ती नोंद तिच्याच लेजरमध्ये आहे. ज्याच्याकडे सत्य आहे त्याच्याकडेच निर्णय ठेवला आहे. वितरित प्रणालीत जबाबदाऱ्या वाटताना हा निकष कायम लावावा.

माहिती दृष्टिकोनात न मोडणारा नियम येतो: देणाऱ्याच्या खात्यातली, वाटेतली आणि घेणाऱ्याच्या खात्यातली रक्कम मिळून बेरीज बदलत नाही. 'वाटेतली' हा शब्द काढून टाकला तर नियम प्रत्येक व्यवहारात काही सेकंद मोडेल. म्हणून वाटेतल्या पैशांना स्वतःचं खातं लागतं, आणि बँकांमध्ये असं मधलं खातं ठेवतातही. व्यवहाराच्या अवस्था आणि कोणत्या अवस्थेतून कुठे जाता येतं तेही इथेच येतं. 'माहीत नाही' ही अवस्था इथे लिहायची राहून गेली, तर पुढचे सगळे दृष्टिकोन तिच्याविना तयार होतात.

संगणन दृष्टिकोनात 'खात्यातून काढा', 'खात्यात घाला', 'स्थिती सांगा', 'परत करा' ही कामं येतात. प्रत्येकाला व्यवहार क्रमांक हवा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर काम पुन्हा न करता आधीचंच उत्तर द्यायचं ही अट हवी. तो क्रमांक किती दिवस लक्षात ठेवायचा? एक तास ठेवला आणि रिट्राय, म्हणजे तीच विनंती पुन्हा, दुसऱ्या दिवशी आला तर पैसे दोनदा जमा होतील. हा आकडा स्पेसिफिकेशनमध्ये (थोडक्यात, स्पेकमध्ये) क्वचितच सापडतो.

अभियांत्रिकी दृष्टिकोनात आपल्याकडची एक गुंतागुंत दिसते. महाराष्ट्रातल्या अनेक सहकारी बँका अशा पेमेंट यंत्रणांशी थेट नव्हे, तर दुसऱ्या, प्रायोजक बँकेमार्फत जोडलेल्या असतात. मॉडेलमध्ये 'घेणारी बँक' हा एक चौकोन असला, तरी प्रत्यक्षात तिथे प्रायोजक बँकेचा सर्व्हर, सहकारी बँकेची कोअर बँकिंग प्रणाली आणि मधली एक-दोन टप्प्यांची वाट असते. 'उत्तर आलं नाही' हे या चौकोनाच्या आतही घडू शकतं. प्रायोजकाने होकार दिला आणि सहकारी बँकेच्या लेजरमध्ये नोंदच पडली नाही, असं झालं तर? म्हणून चौकोनाच्या सीमेवर लिहावं लागतं: होकार म्हणजे नोंद लेजरमध्ये कायमची लिहिली गेली, विनंती पोहोचली एवढंच नव्हे.

तंत्रज्ञान दृष्टिकोनाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डेटाबेस, मेसेज ब्रोकर (संदेश पोहोचवणारं सॉफ्टवेअर, जसं काफ्का) आणि त्यांच्या आवृत्त्या तिथे. तो सगळ्यांत लवकर बदलतो, म्हणून त्याला इतर चारांत मिसळू देऊ नका. व्यवसायाच्या नियमात 'काफ्का' हा शब्द आला की समजावं, सरमिसळ सुरू झाली.

पाच कागद एकमेकांशी जुळतात हे कसं कळणार?

आपोआप कळत नाही. व्यवसाय दृष्टिकोनातलं प्रत्येक बंधन संगणन दृष्टिकोनातल्या कोणत्या कामाने पूर्ण होतं, याची यादी हाताने ठेवावी लागते. ज्या बंधनासमोर रकाना रिकामा, ते पाळलं जाणार नाही. ज्या कामासमोर बंधन नाही, ते का करतोय हे विचारा.

वितरण वापरणाऱ्यापासून लपवता येतं का?

ओडीपी याला पारदर्शकता म्हणतं आणि तिचे आठ प्रकार सांगतं. घटक कुठे आहे ते लपवणं, तो हलला तरी कळू न देणं, त्याच्या प्रती असल्या तरी एकच भासवणं, तो बंद पडून उठला तरी जाणवू न देणं वगैरे. यातली कोणती पारदर्शकता हवी हे निवडून स्पेकमध्ये लिहायचं असतं. सगळ्या फुकट मिळत नाहीत.

जागा लपवणं सोपं आहे, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस आणि सर्व्हिस रजिस्ट्री ते रोज करतात. बिघाड लपवणं अवघड आणि महाग, आणि एका मर्यादेपलीकडे अशक्य. जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना लिहिलं होतं, की दूरच्या मशीनवरच्या ऑब्जेक्टला (प्रोग्रामच्या घटकाला) जवळच्यासारखं वागवणाऱ्या रचना शेवटी फसतात, कारण अर्धवट बिघाड ही गोष्ट जवळच्या कॉलमध्ये नसतेच. आज एखादी लायब्ररी एपीआय कॉलला, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या सेवेला केलेल्या विनंतीला, साध्या फंक्शनचं रूप देते, तेव्हा हे आठवावं.

यूएमएल, बीपीएमएन, आर्किमेट, सी४: यांतलं काय वापरू?

या सगळ्या प्रणालीची चित्रं काढायच्या पद्धती. टीममधले लोक जी वाचू शकतात ती वापरा. ओळख करून द्यायला सी४ सुटसुटीत आहे. कामाचा ओघ आणि माणसांच्या मंजुऱ्या दाखवायला बीपीएमएन चांगलं, शिवाय त्यात टाइमआउट आणि भरपाईच्या कृती काढायची सोय आहे, ती वापरा. संपूर्ण संस्थेचा नकाशा हवा असेल तर आर्किमेट. यूएमएलचा अवस्थाचित्र हा प्रकार मला सगळ्यांत जास्त कामाचा वाटतो. व्यवहाराचं अवस्थाचित्र काढलं की 'माहीत नाही' मधून बाहेर जाणारा बाण काढायचा राहिलाय हे लगेच दिसतं. ओडीपीसाठी यूएमएल कसं वापरायचं याचं वेगळं मानकही आहे, आयएसओ/आयईसी १९७९३.

पण ही चित्रं काही तपासून देत नाहीत. त्यासाठी पुढचा प्रश्न.

टीएलए प्लस हे प्रकरण काय आहे?

लॅम्पोर्ट यांनीच तयार केलेली स्पेसिफिकेशनची भाषा. ती प्रोग्रामिंगची भाषा नाही. संच आणि तर्कशास्त्र वापरून प्रणालीची सुरुवातीची अवस्था आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचे नियम लिहायचे. मग टीएलसी हा मॉडेल चेकर शक्य असलेला प्रत्येक क्रम चालवून बघतो, आणि नियम मोडला तर कोणत्या पायऱ्यांनी मोडला ते दाखवतो.

वरचाच व्यवहार घेऊन बघू. देणाऱ्याकडे १०० रुपये, घेणाऱ्याकडे ०. नियम एवढाच: दोन्ही खात्यांची बेरीज १०० च्या वर कधीही जाऊ नये. पहिला आराखडा बहुतेक जण असा करतात: जमा करण्याचं उत्तर वेळेत आलं नाही, तर स्विचने पैसे परत द्यावेत. चेकर असा क्रम पुढे ठेवेल:

१. देणारी बँक १०० काढते. खाती: ०, ०.
२. स्विच 'खात्यात घाला' हा संदेश पाठवतो. तो वाटेत रखडतो.
३. स्विचचा टाइमआउट होतो.
४. स्विच देणाऱ्या बँकेला परत करायला सांगतो. खाती: १००, ०.
५. रखडलेला संदेश पोहोचतो. खाती: १००, १००.

बेरीज २००. मग कोणीतरी सुचवतं की परत करण्याआधी स्थिती विचारून घेऊ. सूचना शहाणपणाची आहे. मॉडेलमध्ये घातली की चेकर पुन्हा थांबवतो. संदेश रखडलेला असतानाच स्विच विचारतो. घेणारी बँक प्रामाणिकपणे सांगते, 'माझ्याकडे असा व्यवहार नाही.' स्विच पैसे परत करवतो. त्यानंतर रखडलेला संदेश येतो, बँक तो क्रमांक पहिल्यांदाच बघत असते, म्हणून पैसे जमा करते. बेरीज पुन्हा २००. प्रत्येक जण नियमाप्रमाणे वागला, खोटं कोणी बोललं नाही, तरी पैसे दुप्पट झाले.

उपाय एका ओळीचा आहे. 'माझ्याकडे असा व्यवहार नाही' असं उत्तर देण्याआधी बँकेने तो क्रमांक 'नाकारलेला' म्हणून कायमचा नोंदवायचा, म्हणजे तोच संदेश उशिरा आला तर ती नकार देईल. चौकशी ही फक्त वाचण्याची क्रिया राहत नाही, तिथे निर्णय लिहिला जातो. ही गोष्ट कोड रिव्ह्यूमध्ये सापडणं कठीण आहे, कारण चौकशीचा कोड एकट्याने वाचला तर अगदी बरोबर दिसतो. मॉडेलमध्ये ती काही सेकंदांत सापडते.

प्रत्यक्ष उद्योगात कोणी हे वापरतं का?

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस विभागातल्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये याबद्दल सविस्तर लिहिलं. एस३, डायनॅमोडीबी, ईबीएस अशा डेटा साठवणाऱ्या सेवांच्या रचनेत त्यांनी टीएलए प्लस वापरलं. डायनॅमोडीबीच्या एका अल्गोरिदममध्ये डेटा गमावण्याची शक्यता सापडली, आणि ती दाखवणारा सगळ्यांत लहान क्रम ३५ पायऱ्यांचा होता. ती चूक डिझाइन रिव्ह्यू, कोड रिव्ह्यू आणि टेस्टिंग या तिन्हींतून निसटली होती. ३५ पायऱ्यांचा क्रम फळ्यासमोर उभं राहून सुचेल, अशी अपेक्षा कोणाकडूनही करता येणार नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या कॉसमॉस डीबी या डेटाबेसच्या पाच सुसंगतता-पातळ्या (वाचणाऱ्याला किती ताजा डेटा दिसेल याच्या हमी) टीएलए प्लसमध्ये मांडल्या आहेत.

परंपरा त्याहूनही जुनी आहे. आयबीएमच्या हर्स्ली केंद्राने ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर झेड ही स्पेसिफिकेशनची भाषा वापरून सीआयसीएसचे भाग लिहिले. त्यासाठी त्यांना १९९२ मध्ये ब्रिटनमधला क्वीन्स ॲवॉर्ड मिळाला. सीआयसीएस हे बँकांचे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे विषय तोच.

प्रसिद्ध झालेल्या, नावाजलेल्या प्रोटोकॉलमध्येही चुका निघतात. कॉर्ड हा अनेक मशीनमध्ये विखुरलेला डेटा शोधण्याचा २००१ चा प्रोटोकॉल. तो मूळ लेखात मांडला तसा बरोबर नाही, हे पामेला झेव्ह यांनी अलॉय या मॉडेल तपासणाऱ्या साधनाच्या मदतीने दाखवून दिलं.

चेकरने 'चूक नाही' म्हटलं, म्हणजे सिद्ध झालं?

तुम्ही दिलेल्या आकाराच्या मॉडेलपुरतं. एका व्यवहाराच्या ६ अवस्था धरल्या, तर १० स्वतंत्र व्यवहारांच्या मिळून ६ कोटींहून जास्त अवस्था होतात. त्यात संदेश आणि बिघाड धरले की आकडा हाताबाहेर जातो. म्हणून दोन बँका, दोन-तीन व्यवहार, एखादा बिघाड असं लहान मॉडेल चालवतात. रचनेतल्या बहुतेक चुका लहान आकारातच उघड्या पडतात, असा अनुभव आहे. मोठ्या आकारासाठीही खात्री हवी असेल तर गणिती सिद्धता लिहावी लागते, आणि ते कष्टाचं काम आहे.

एक काळजी घ्या. मॉडेलमध्ये संदेश हरवणं, उशिरा येणं, दोनदा येणं आणि मशीन बंद पडून उठणं हे सगळं घातलं आहे ना? जो बिघाड लिहिलाच नाही, त्यावर चेकर काही बोलणार नाही.

आणि 'वाईट काही होत नाही' एवढंच तपासून थांबू नका. काहीच न करणारी प्रणालीही त्या परीक्षेत पास होते. 'प्रत्येक व्यवहार कधीतरी यशस्वी होतो किंवा पैसे परत जातात' हेही लिहा. वर सांगितलेली रिझर्व्ह बँकेची मुदत म्हणजे याच अटीला दिलेली तारीख.

मॉडेल बरोबर आहे, पण कोड त्याप्रमाणे आहे कशावरून?

इथे अजून सोपा रस्ता नाही. एक मार्ग म्हणजे चालू प्रणालीचे लॉग घेऊन ते मॉडेलला मान्य होणारे क्रम आहेत का ते तपासणं. दुसरा म्हणजे मॉडेलमधून टेस्ट केसेस तयार करणं. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०२० मध्ये दोन्हींचा अनुभव प्रसिद्ध केला. तिथे टेस्ट केसेसचा मार्ग यशस्वी ठरला, लॉग जुळवण्याचा मात्र फार जड गेला. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे धागे) असलेल्या कोडमध्ये एका क्षणाची पूर्ण अवस्था पकडणंच अवघड असतं. मी सुरुवातीला एवढंच सुचवेन, की मॉडेलमधल्या कृतींची नावं आणि कोडमधल्या फंक्शनची नावं एकच ठेवा. रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून वाचता आलं पाहिजे.

वेग आणि भार स्पेसिफिकेशनमध्ये कसे लिहायचे?

लिटलचा नियम पहिल्यांदा वापरा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम सांगतो, की प्रणालीत एका वेळी असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. सेकंदाला २,००० व्यवहार आणि प्रत्येकाला ३ सेकंद, तर एका वेळी ६,००० व्यवहार आत. समोरची बँक मंदावली आणि वेळ ३० सेकंदांवर गेला, तर ६०,०००. कनेक्शन आणि मेमरी ६,००० च्या हिशेबाने ठेवली असेल, तर एका बँकेच्या मंदपणाने सगळ्यांचे व्यवहार अडकतात. म्हणून 'प्रतिसाद ३ सेकंदांत' एवढी अट अपुरी आहे. समोरचा मंद झाला तर किती जणांना आत घ्यायचं आणि त्यानंतर नकार कसा द्यायचा, तेही लिहा.

प्रणाली बदलत राहते. स्पेसिफिकेशन कशाचं मानायचं, जुन्याचं की नव्याचं?

दोन्ही एकत्र चालू असतानाचं. मोठ्या प्रणालीत सगळे सर्व्हर एकाच क्षणी बदलत नाहीत, तेव्हा जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी चालणं ही नेहमीची अवस्था धरायला हवी.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीत हेच घडलं. नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर गेला, आठव्यावर राहिला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (एखादी गोष्ट चालू-बंद सांगणारी खूण) नव्या अर्थाने वापरला होता. आठव्या सर्व्हरने त्याचा जुनाच अर्थ घेतला आणि वर्षानुवर्षं न वापरलेला कोड चालू केला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. सर्व्हर सुटणं ही अभियांत्रिकी दृष्टिकोनातली चूक, पण फ्लॅगचा अर्थ बदलणं ही माहिती दृष्टिकोनातली. 'एकदा दिलेल्या फील्डचा अर्थ बदलायचा नाही, नवं फील्ड घ्यायचं' हा नियम स्पेकमध्ये एका ओळीत मावतो.

नियम ठरवणारी माणसं तांत्रिक नसतात. त्यांना यात कसं घ्यायचं?

सूत्रं दाखवू नका, क्रम दाखवा. वरच्या पाच पायऱ्या बँकेच्या ऑपरेशन्समधल्या कोणालाही वाचता येतात. 'असं झालं तर पैसे कोणाचे?' हा प्रश्न त्यांना विचारा. रेकन्सिलिएशन, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी ताडून बघण्याचं काम करणाऱ्यांशी तर आवर्जून बोला. न जुळलेल्या नोंदी रोज त्यांच्याच समोर येतात, त्यामुळे 'माहीत नाही' या अवस्थेचे जितके प्रकार त्यांनी पाहिलेले असतात, तितके आर्किटेक्टने पाहिलेले नसतात.

अजाइल पद्धतीत (थोड्या-थोड्या टप्प्यांत भराभर काम करण्याच्या) यासाठी वेळ कुठून काढायचा? आणि सुरुवात कुठून करू?

सगळी प्रणाली लिहायला बसू नका. जिथे पैसा, साठा किंवा परवाना एका संस्थेकडून दुसरीकडे जातो, असा एकच व्यवहार निवडा. त्याचं अवस्थाचित्र काढा आणि प्रत्येक अवस्थेत 'इथे उत्तर आलं नाही तर?' हे विचारा. ज्या अवस्थेला उत्तर देता येत नाही, तेवढ्याच भागाचं टीएलए प्लसमध्ये मॉडेल करा. एडब्ल्यूएसच्या अभियंत्यांनी नोंदवलं आहे, की नव्याने नोकरीला लागलेल्यांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळ्यांना शून्यापासून शिकून दोन-तीन आठवड्यांत उपयोगी निकाल मिळाले. साधन मोफत आहे. प्रोग्रामिंगची सवय असलेल्यांना प्लसकॅल हे त्याचं रूप जवळचं वाटतं.

स्पेक कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा. कोड बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मंजुरीसाठी मांडण्याच्या विनंतीत) स्पेकही बदलला पाहिजे, आणि दर बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार होताना, चेकर चालला पाहिजे. वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेला स्पेक काही महिन्यांत खोटा होतो, आणि खोटा स्पेक नसलेल्या स्पेकपेक्षा जास्त घातक, कारण त्यावर कोणीतरी विश्वास ठेवतं.